मध कशाला घेता?

जानेवारी २०२३ मध्ये माझा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या एचआयव्ही विषाणूंचं प्रमाण, २,८४० आला. आदल्या वर्षी याच महिन्यात तो इतका कमी होता की मशीनला सापडलाच नव्हता. रिपोर्टवर तसं लिहून आलं होतं आणि तो कागद मी घडी करून देवघरातल्या पोथीत ठेवला होता. मधल्या वर्षात मी एकही गोळी चुकवली नव्हती. डबी मोजली तर जेवढ्या उरायला हव्यात तेवढ्याच गोळ्या उरलेल्या. तरी लोड वाढला. तो का वाढला हे कळायला पुढं महिना गेला, आणि तो महिना गेला तो मी गप्प बसले म्हणून. तेच लिहायला बसले आहे.

नाव लिहीत नाही. तासगाव तालुक्यातल्या एका गावात राहते. हंगामात बेदाणा निवडायला जाते, एरवी घरी शिवणकाम करते. तेव्हा वय ४६ होतं. एक मुलगी आहे, तिची तपासणी निगेटिव्ह आहे, ती पुण्यात नोकरी करते. आमचे मालक द्राक्षाच्या गाडीवर होते, ते २००४ च्या दिवाळीत गेले.

त्यांचं आधी सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. २००३ मध्ये त्यांना टीबी झाला आणि त्या तपासणीत एचआयव्ही निघाला. त्या वेळी आमच्या गावात या आजाराचं नाव कुणी तोंडानं घेत नव्हतं, ‘ती बाधा’ म्हणायचे. कुणीतरी दिरांना एका गृहस्थांचा पत्ता दिला. ते हा आजार मुळापासून घालवतात म्हणे. नव्वद दिवसांचा कोर्स, पांढरी पूड आणि काळी पूड, मीठ बंद, आंबट बंद, दवाखान्याची सगळी औषधं बंद. छत्तीस हजार रुपये. आम्ही दोन म्हशी विकल्या. दवाखान्याची सगळी औषधं बंद म्हणजे त्यात टीबीची औषधंही आली, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातच आलं नाही. शेवटी मालकांचं वजन ३४ किलो होतं. २००४ च्याच १ एप्रिलला सरकारनं एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला रोखून धरणाऱ्या, मोफत गोळ्या सुरू केल्या होत्या, मुंबईला जे.जे. रुग्णालयात त्या मिळत होत्या. आमच्यापर्यंत ती बातमीच आली नाही.

पुढं मला कळलं की एड्स बरा करतो असं औषधाच्या नावानं सांगणंच कायद्यानं चालत नाही, औषध नियमांत अशा आजारांची यादीच आहे आणि तीत एड्स आहे. हे वाचलं तेव्हा त्या दोन म्हशी डोळ्यांसमोर आल्या. एकीचं नाव चंद्री होतं.

तर असं सगळं बघितलेली बाई पुन्हा असल्या पुड्यांच्या वाटेला कशी गेली, असं कुणीही विचारेल. मलाही मुलीनं तेच विचारलं. पण मी आजार बरा व्हावा म्हणून काही घेतलं नव्हतं. माझा एआरटीवर विश्वास आहे, त्या गोळीनंच मी जिवंत आहे. मी घेतलं ते रक्तासाठी.

माझी एआरटी २००८ मध्ये सुरू झाली. सीडी फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, १८६ होता. तेव्हा ज्या गोळ्या मिळायच्या त्यांत झिडोवुडिन होतं, आणि त्यानं काहींचं रक्त फार कमी होतं. माझं झालं. चार महिन्यांत हिमोग्लोबिन साडेसहावर आलं, जिना चढताना छाती फुटेल असं वाटायचं. दोन बाटल्या रक्त चढवलं आणि डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. तेव्हापासून मला काही त्रास नव्हता. पण ‘गोळी रक्त खाते’ हे जे एकदा मनात बसलं ते बसलंच. पुढं कधीही थकवा आला की मी आरशात खालची पापणी ओढून बघायची. गुलाबी दिसली तर ठीक, पांढुरकी दिसली तर त्या रात्री झोप नाही.

२०२२ च्या उन्हाळ्यात ती पांढुरकी दिसायला लागली. पाळीच्या वेळी अंगावरून खूप जायचं, आठ-आठ दिवस. मी म्हटलं, वयच झालंय, जाता जाता असंच होतं. बेदाण्याच्या शेडमध्ये एक दिवस जाळीसमोर उभी होते आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. शेजारच्या बाईनं धरलं नसतं तर क्रेटवर पडले असते. लोक रक्त वाढावं म्हणून मनुका खातात, आणि मी दिवसभर त्यात हात घालून उभी असून माझंच रक्त आटलेलं.

थोरल्या जाऊबाईंना माझं सगळं माहीत आहे. मालक गेल्यावर मला घरात ठेवू नये असं म्हणणारे होते, तेव्हा त्या एकट्या माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझं ताट कधी वेगळं केलं नाही. त्यांना आम्ही आक्का म्हणतो. आक्कांनीच मला गोळ्या आणून दिल्या. शेजारच्या गावातल्या वैद्यांकडून त्या स्वतः घेत होत्या, त्यांना गुण आला होता. लहानशी प्लॅस्टिकची पुडी, आत मिरीएवढ्या तपकिरी गोळ्या, वर काही लिहिलेलं नाही. “सकाळी उपाशीपोटी दोन गोळ्या मधातनं घे. सगळा झाडपाला हाय, काय बाधत न्हाई.”

मी घेतल्या आणि मला बरं वाटलं. खरं ते सांगायला हवं. दोन महिन्यांत जिन्यावर लागणारी धाप कमी झाली. त्यामुळं पुडी संपली की मी दुसरी आणायची. शिवाय करोनाच्या दिवसांपासून गुळवेलीचा काढा चालूच होता, तोही बंद केला नव्हता.

आता वेळेचं सांगते, सगळी मेख तिथं आहे. आधीच्या एआरटीच्या गोळीत एफाव्हिरेन्झ असायचं, ती रात्री झोपताना घ्यायची, कारण तिनं गरगरतं. २०२१ मध्ये सगळ्यांची गोळी बदलली. टेनोफोव्हिर आणि लॅमिवुडिन तेच, एफाव्हिरेन्झच्या जागी डोल्यूटेग्राविर. फार चांगली गोळी आहे, तिनं गरगरत नाही, पण मला तिनं झोप येईना. मी एआरटी केंद्रात सांगितलं, तेव्हा सिस्टरनी सकाळी घ्यायला सांगितली. झोप लागायला लागली. सकाळी साडेपाचला गोळी, हा नेम झाला. आणि वर्षभरानं त्याच साडेपाचच्या पाण्यावर आक्कांच्या गोळ्या आल्या. रात्रीचीच वेळ राहिली असती तर कदाचित काहीच झालं नसतं.

आमच्याकडं लोडची तपासणी वर्षातून एकदा होते. रक्त घेतात, ते बाहेर लॅबला जातं, रिपोर्ट यायला काही आठवडे लागतात. लोड हजाराच्या वर गेला की केंद्रातली वागणूक बदलते. वाईट होते असं नाही, पण बदलते. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळायच्या त्या बंद होऊन पुन्हा दर महिन्याची तारीख. दर तारखेला कौन्सिलर मॅडमकडं बसायचं. तीन महिने नीट गोळ्या घेऊन पुन्हा तपासणी. तरीही लोड वरच असेल तर विषाणू गोळीला सरावला असं धरून पुढच्या औषधांचा विचार.

पहिल्या बैठकीत मॅडमनी जे विचारायचं ते विचारलं. गोळी चुकते का? गावाला जाताना डबी नेता का? घरी कुणापासून लपवून घ्यावी लागते का? उलटी होते का? सगळ्याला मी नाही म्हटलं, आणि ते खरंच होतं. मग त्यांनी विचारलं, “दुसरं काही औषध घेत नाही ना?”

मी म्हटलं, “नाही.”

हे खोटं मी चौदा वर्षं बोलत आले होते. अधूनमधून काहीतरी चालूच असायचं. कधी अश्वगंधा, कधी आवळ्याचा रस, कधी कुणी आणलेलं चूर्ण. पण प्रश्नच असा यायचा की उत्तर आधीच ठरलेलं. ‘घेत नाही ना?’ याला ‘घेते’ म्हणायला माणसाला बळ लागतं. आणि मी एकदा काय होतं ते बघितलं होतं. फार वर्षांपूर्वी, एका दवाखान्यात, एका म्हाताऱ्या माणसानं डॉक्टरांना खरं सांगितलं होतं की मी काढा पितो. डॉक्टर बाकावरच्या सगळ्यांदेखत त्याच्यावर ओरडले, “मग काढाच प्या, इथं कशाला येता?” आणि त्याची बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली. तो माणूस पुढच्या तारखेला आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. बाकावर बसलेल्या आम्ही सगळ्यांनी त्या दिवशी एक धडा घेतला, तो म्हणजे सांगायचं नाही.

घरी गेले तर अन्न गोड लागेना. तेरा-चौदा वर्षं जपलेलं शरीर हातातून सुटतंय असं वाटत होतं. रात्री मुलीला फोन लावायचा आणि लागल्यावर इकडचं तिकडचं बोलून ठेवायचा, असं आठवडाभर केलं. माझ्या मनात पुडीचा संशय आला नव्हता असं नाही. आला होता. पण त्या गोळ्यांनी मला उभं केलं होतं, आणि त्या बंद केल्या तर पुन्हा रक्त जाईल, ही भीती लोडच्या भीतीपेक्षा मोठी होती. लोड कागदावर दिसतो. अंधारी डोळ्यांना दिसते.

फेब्रुवारीच्या तारखेला कौन्सिलर मॅडमनी डबी बाजूला ठेवली.

“मावशी, आज गोळ्या मोजत नाही. तुम्ही फक्त सांगा, सकाळी डोळा उघडल्यापासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत पोटात काय काय जातं. पाण्यापासून सुरू करा.”

मी सांगायला लागले. “पाचला उठते. तांब्याभर कोमट पाणी पिते. मग एआरटीची गोळी. मग चमचाभर मध. मग चहा ठेवते...”

“मध कशाला घेता?”

मी थांबले. पंखा फिरत होता, बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारत होते. मॅडमच्या हातात पेन होतं, पण त्या काही लिहीत नव्हत्या. त्यांनी घाई केली नाही. मी पिशवीत हात घातला. पुडी पिशवीतच होती, परत जाताना वाटेत वैद्यांकडून नवी घ्यायची म्हणून जुनी सोबत ठेवायची सवय. ती टेबलावर ठेवली आणि मला रडू आलं. मॅडमनी पुडी उचलून उजेडात धरली, उलटीपालटी केली आणि म्हणाल्या, “बरं झालं आणलीत. यात काय आहे ते माहीत आहे का?”

रागावल्या नाहीत. एवढंच मला त्या वेळी कळलं, आणि तेवढंच मला हवं होतं.

यात काय आहे ते मला माहीत नव्हतं. डॉक्टर मॅडमनी सांगितलं की वैद्यांकडून लिहून आणा, तोवर बंद ठेवा. मी म्हटलं, वैद्य शेजारच्या गावचे, त्यांना मी कोणती गोळी घेते ते सांगितलं तर आठ दिवसांत गावभर होईल. त्यावर कौन्सिलर मॅडम म्हणाल्या की आजार सांगायची तुमच्यावर सक्ती नाही, २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं ती माहिती तुमची आहे. एवढंच म्हणा, मला सरकारी दवाखान्याची एक रोजची गोळी आहे, तिच्याबरोबर काही धातू चालत नाहीत, म्हणून यादी हवी. हे वाक्य मी एसटीत बसून तोंडपाठ केलं.

वैद्यांकडं जाताना पाय जड झाले होते. पण त्यांनी पुडी बघितली, चष्मा लावला आणि आपल्या लेटरपॅडवर सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. मंडूर भस्म, लोह भस्म, शंख भस्म, प्रवाळ पिष्टी, आणि त्यांच्यासोबत पुनर्नवा, त्रिफळा, गुळवेल. प्रत्येकाचं प्रमाण. मग मान वर करून म्हणाले, “ताई, रोजची गोळी आहे हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर मी वेळ वेगळी दिली असती.” मी पहिल्या दिवशी गेलेच नव्हते, पुडी आक्कांनी आणली होती. दवाखान्यापासून वैद्यांचं लपवलं आणि वैद्यांपासून दवाखान्याचं, आणि दोघांच्या मध्ये माझं पोट.

ती यादी डॉक्टर मॅडमनी वाचली आणि पहिल्या चार ओळींखाली रेघ मारली. मंडूर आणि लोह म्हणजे लोखंड. शंख म्हणजे चुना, म्हणजे कॅल्शियम. प्रवाळ म्हणजे पोवळं, तेही कॅल्शियम. आक्का म्हणाल्या होत्या सगळा झाडपाला आहे, आणि त्या गोळीत झाडपाल्याच्या आधी चार नावं खनिजांची होती.

मॅडमनी केसपेपरच्या पाठीमागं आतड्याचं चित्र काढलं. डोल्यूटेग्राविरला लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त, ॲल्युमिनियम यांनी धरलं की सोडत नाहीत. पोटातच एकमेकांना बिलगून बसतात आणि तसेच शौचावाटे निघून जातात. उपाशीपोटी लोहाबरोबर ही गोळी घेतली तर तिच्यातलं निम्म्याहून जास्त औषध रक्तात पोचतच नाही. म्हणजे मी रोज न चुकता साडेपाचला गोळी गिळत होते, आणि अंगी लागत होती ती निम्मीसुद्धा नाही. डबीत गोळ्या बरोबर भरत होत्या, रक्तात भरत नव्हत्या.

मी विचारलं, मग हे आयुर्वेदिक होतं म्हणून झालं का? मॅडमनी मान हलवली. म्हणाल्या, आशाताई देतात त्या लोहाच्या लाल गोळ्या घेतल्या असत्या तरी हेच झालं असतं. मेडिकलमधल्या कॅल्शियमच्या गोळ्या, करोनात लोकांनी खाल्लेल्या जस्ताच्या गोळ्या, पित्तावरचं ते दाट पांढरं-गुलाबी औषध, सगळ्यांचा हाच स्वभाव. लोह आणि कॅल्शियम जेवणाबरोबर एआरटीच्या गोळीसोबत घेतलं तर अडचण येत नाही, नाहीतर गोळी त्यांच्या दोन तास आधी तरी घ्यायची किंवा सहा तासांनंतर. पित्ताच्या औषधाला मात्र जेवणाची सवलत नाही, तिथं दोन आणि सहा तास पाळायचेच. काही अँटिबायोटिक आणि थायरॉईडच्या गोळीचंही लोहाशी असंच भांडण असतं, असंही त्या बोलता बोलता म्हणाल्या.

शेवगा, नाचणी, अळीव, पालेभाज्या यांचं मी घाबरत विचारलं. ते अन्न आहे, खुशाल खा, म्हणाल्या.

भस्माच्या गोळ्या त्यांनी पूर्ण बंद करायला सांगितल्या, आणि कारणही सांगितलं. टेनोफोव्हिरचा मूत्रपिंडावर आधीच थोडा भार असतो, त्यात पुडीतल्या भस्माची शुद्धता कुणी तपासलेली नाही. माझं मूत्रपिंडाच्या तपासणीतलं क्रिएटिनिन थोडं वर होतं. काढ्याबद्दल वेगळं बोलणं झालं, कारण यकृताच्या तपासणीत एसजीपीटी वाढून ८८ आलं होतं. त्यांनी सांगितलं की २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं, आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही, गुळवेल सुरक्षित आहे आणि तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असेल असं म्हटलं. “हा वाद मी सोडवू शकत नाही,” मॅडम म्हणाल्या, “पण तुमचं यकृत माझ्यासमोर आहे. तीन महिने काढा थांबवून बघू.” मला हे बोलणं पटलं. थांबवला.

आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो मी कुणाला कधी विचारू दिला नव्हता. रक्त कमी का होतंय? मी म्हटलं, गोळी रक्त खाते. त्या म्हणाल्या, ही गोळी रक्त खात नाही, ती जुनी होती. हिमोग्लोबिन ७.९ निघालं. पुडी चालू असतानाचं हे, त्याआधी किती असेल कोण जाणे. पाळीचं विचारलं, सोनोग्राफीला पाठवलं. गर्भाशयात गाठ निघाली, कॅन्सरची नव्हती. म्हणजे रक्त कुठून जात होतं ते उघड होतं आणि मी चौदा वर्षांपूर्वीच्या गोळीवर आळ घेऊन बसले होते. स्त्रीरोग विभागाच्या डॉक्टरांना आजाराचं आधी सांगितलेलं होतं, तरी तिथं मला वेगळं बसवलं नाही. पुढं गाठीवर इलाज झाला, तो सगळा इथं सांगत नाही.

नवं वेळापत्रक साधं होतं. साडेपाचला एआरटी, नुसत्या पाण्याबरोबर. दुपारी एकला जेवण झाल्यावर लोहाची गोळी. मी लोहाची पट्टी जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवली, म्हणजे सकाळी ती हातालाच लागू नये. मधाची बाटली मुलीनं येऊन फडताळाच्या वरच्या कप्प्यात टाकली.

मार्च, एप्रिल असे गेले की मी रोज सकाळी गोळी गिळताना पोटावर हात ठेवायची. उगीचच. जाते का रक्तात, एवढंच मनात यायचं. डॉक्टर मॅडमनी खरं तेच सांगितलं होतं, की इतके महिने औषध कमी पडल्यामुळं विषाणू सरावला असेल तर आत्ता सांगता येणार नाही, तपासणीच सांगेल. मे महिन्यात रक्त दिलं. जूनच्या तारखेला कौन्सिलर मॅडमनी मला नंबरानं न बोलावता दारातूनच बोट हलवून आत घेतलं. रिपोर्टवर लोड सापडला नाही असं होतं. एसजीपीटी ३४. हिमोग्लोबिन १०.२. मी तो कागद तिथंच कपाळाला लावला.

त्यानंतर मी बाकावर बसले की शेजारणीला विचारते, पण मॅडमनी मला विचारलं तसं. सकाळी उठल्यावर काय काय घेता? पाण्यापासून सांगा. किती निघतं म्हणून सांगू! जतकडची एक बाई गुडघ्यांसाठी कॅल्शियम घेते, रात्रीच्या एआरटीच्या गोळीबरोबर. जिमला जाणारा एक पोरगा दुधातून प्रोटीनची पावडर घेतो, तिच्या डब्यावर कॅल्शियम, जस्त, मॅग्नेशियम सगळं छापलेलं. एका आजोबांकडं अश्वगंधा, शतावरी आणि कसलंसं ‘शक्तीचं’ चूर्ण, त्यानं त्यांना एकदम भूक लागायला लागली आणि तोंड सुजल्यासारखं गोल झालं. त्या चूर्णाचं ऐकल्यावर कौन्सिलर मॅडम लगेच उठून डॉक्टरांकडं गेल्या, कारण अशा चुर्णांत कधी कधी स्टेरॉईड मिसळलेलं असतं. हे सगळे लोक दर महिन्याला ‘नाही’ म्हणत आलेले. कुणीही बेफिकीर नाही. प्रत्येक जण आपला जीव जपण्यासाठीच घेत होता.

राहिलं आक्कांचं. त्यांना सांगायचं मी बरेच दिवस टाळलं. ज्या बाईनं माझं ताट वेगळं केलं नाही तिला, तुमच्या गोळ्यांनी माझा लोड वाढला, हे कसं म्हणायचं? जूनचा रिपोर्ट आल्यावर त्या दिवशी संध्याकाळी गेले. त्या ओसरीत शेंगा फोडत बसल्या होत्या. मीही बसले, दोन मुठी फोडल्या आणि सांगितलं. लोह, चुना, पोटात कसं धरून ठेवतात, सगळं.

आक्कांचे हात थांबले. “म्हंजे मी तुला इष दिलं का गं?”

“न्हाई आक्का. गोळ्या वाईट नव्हत्या. वेळ वाईट होती. आणि मी कुणाला सांगितलं न्हाई.”

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. टरफलं सूपात सारत राहिल्या. मग म्हणाल्या, “मला तर गुण आला होता की. आता मात्र परत गळाल्यागत होतंय. परवा डॉक्टरनी थायरॉईडची गोळी वाढवून दिली.”

मी त्यांच्याकडं बघितलं.

“आक्का, थायरॉईडची गोळी कधी घेता?”

“सकाळी. उपाशीपोटी घ्या म्हणलेत डॉक्टर.”

“आणि वैद्यांची?”

आक्कांनी फडताळाकडं मान वळवली. मधाची बाटली आणि पुडी शेजारी शेजारी होती, पुडीच्या खाली थायरॉईडच्या गोळ्यांची छोटी बाटली.

“तिच्याबरोबरच की,” त्या म्हणाल्या. “एकाच चमच्यात.”